खाडीकाठचा बंद कारखाना: जमीन, पाणी आणि गाळ किती दूषित आहे ते कसं तपासायचं

खाडीकाठची बंद कारखान्याची जागा विकायला निघाली की घेणाऱ्याच्या हातात सहसा एक पातळसा अहवाल पडतो. पाच-सहा ठिकाणची वरची माती, एका बोअरचं पाणी आणि शेवटी ‘सर्व घटक मर्यादेत’. त्या एका ओळीच्या भरवशावर पुढे तिथे माणसं राहायला येतात. अहवालातले आकडे खोटे असतीलच असं नाही. बहुतेक वेळा नमुनेच चुकीच्या खोलीवरून आणि चुकीच्या वेळी घेतलेले असतात. भरती-ओहोटीच्या काठावर नमुना कुठून आणि केव्हा घेतला हे माहीत नसेल तर प्रयोगशाळेच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पुढची पद्धत ठाणे खाडी, उल्हास नदीचा खालचा टप्पा, शिवडी-दारूखान्याचा किनारा अशा जागा डोळ्यापुढे ठेवून दिली आहे. इथे जमिनीची रचना साधारण सारखी सापडते: वर काही मीटर भराव, त्याखाली खाडीची काळी चिकणमाती, मग मुरूम आणि शेवटी काळा पाषाण. उदाहरणादाखल ४ हेक्टरची जागा धरू. रंग-रसायनांचा जुना कारखाना, बॉयलर, फर्नेस ऑइलच्या टाक्या, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) आणि पाण्याच्या बाजूला दगडी बंधारा.

आधी कागद

बोअरची रिग बोलावण्याआधी कागद गोळा करा. सातबारा, फेरफार किंवा प्रॉपर्टी कार्डावरून मालक कळतात, पण तिथे काय बनत होतं ते कळत नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं काढा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी. प्रत्येक नूतनीकरणात उत्पादनांची यादी आणि कचऱ्याचं प्रमाण असतं. मधल्याच एखाद्या वर्षी यादीत नवं रसायन आलं आणि पुढे गायब झालं, असं बरेचदा दिसतं. टाक्यांचे मंजूर नकाशे पेसोच्या (स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवान्यासोबत मिळतात. जमिनीखालची टाकी नेमकी कुठे पुरली आहे हे त्यातच कळतं.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे घातक कचऱ्याचा हिशेब. २०१६ च्या नियमांप्रमाणे कारखान्याला फॉर्म ४ मध्ये वार्षिक विवरण द्यावं लागतं आणि कचरा बाहेर पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची पावती) भरावं लागतं. संमतीपत्रात ईटीपीचा गाळ वर्षाला ४० टन लिहिलेला आहे आणि मॅनिफेस्टांची बेरीज १२ टन येते आहे, तर उरलेला गाळ कुठे गेला? उत्पादन कमी झालं होतं का, हे वीजबिलं आणि कच्च्या मालाच्या नोंदींवरून ताडून पाहा. उत्तर मिळालं नाही तर तो गाळ आवारातच पुरला आहे असं धरून बोअरच्या जागा ठरवा.

जमिनीची जुनी रेषाही शोधा. १९६० च्या दशकातली अमेरिकी कोरोना हेर-उपग्रहांची छायाचित्रं आता खुली झाली आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आहेत आणि अलीकडच्या काळासाठी गूगल अर्थची कालरेषा आहे. हे एकावर एक ठेवलं की मूळ किनारा कुठे होता आणि भराव कोणत्या बाजूला वाढत गेला ते दिसतं. बंद पडलेल्या नाल्याची जागा ठळक करून ठेवा. भरावाखाली बुजलेला नाला हा दूषित पाण्याचा आजही चालू असलेला रस्ता असतो.

निवृत्त कामगारांशी बोला. टाकी कधी फुटली, ड्रम कुठे धुवायचे, पावसात कुठलं पाणी थेट खाडीत सोडायचे, हे कोणत्याच फाइलमध्ये नसतं. शेजारच्या कोळीवाड्यातही विचारा. जाळ्याला तेल कुठे लागतं आणि निवटी कुठून नाहीशी झाली हे त्यांना वर्षानुवर्षांच्या रोजच्या पाहण्यातून माहीत असतं.

ओहोटीच्या वेळी पाहणी

आवार कधीही पाहता येतं, पण काठ पाहायचा तो उधाणाच्या दिवसांत आणि ओहोटी पूर्ण उतरायच्या तासभर आधीपासून. मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून दिवस ठरवा, आणि खाडीत आत गेल्यावर भरती-ओहोटी उशिरा येते हे लक्षात ठेवा. बंधाऱ्याच्या दगडांतून पाझरणारं पाणी तेवढ्याच वेळात उघडं पडतं. प्रत्येक पाझराचा फोटो, जीपीएस, तापमान आणि विद्युतवाहकता नोंदवा. खाडीच्या पाण्याची वाहकता कोरड्या दिवसांत ५० मिलीसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते. पाझर १० दाखवत असेल तर त्यात जमिनीतून आलेलं गोडं पाणी आहे आणि नमुना घ्यायची खरी जागा तीच.

गाळावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच ‘तेल’ लिहू नका. काडीने तवंग मोडून पाहा. तो काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटून तसाच राहिला तर लोहजिवाणूंचा. फाटून परत एकत्र आला, काडीभोवती वळला तर पेट्रोलियमचा. तरीही प्रयोगशाळेची खात्री हवीच, पण नमुना कुठे घ्यायचा हे काडीवरच ठरतं.

आवारात ट्रान्सफॉर्मरचा ओटा, ॲसिडच्या टाक्यांखालची खाल्लेली फरशी, ड्रम ठेवायची जागा, ईटीपीच्या टाक्यांचे सांधे आणि पावसाच्या गटारांची शेवटची तोंडं बारकाईने पाहा. बॉयलरच्या पाइपांवरचा पांढरा दोरा किंवा लेप आणि छपराचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. तोडू नका, झाडू नका. तुकडा घ्यायचाच असेल तर ओला करून, योग्य मास्क लावून घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (जुन्या तेलात मिसळलेलं विषारी क्लोरीनयुक्त रसायन) ५० मिग्रॅ/किलोच्या वर आहे का, हे भंगारवाला तेल उपसून नेण्याआधी तपासा.

बंद टाकीत, गटाराच्या चेंबरमध्ये किंवा ईटीपीच्या खड्ड्यात उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि जास्त प्रमाणात असला की त्याचा वासच कळेनासा होतो. आत उतरणं अगदी अटळच असेल तर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ज्वालाग्राही वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, हे मीटरवर पाहिल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कोणालाही पाठवू नका.

बोअर कुठे आणि किती खोल

सगळीकडे सारख्या अंतराची जाळी आखणं सोपं, पण तिची मर्यादा समजून घ्या. २५ मीटरच्या चौरस जाळीत साधारण ३० मीटर व्यासाचा डाग ९५ टक्के खात्रीने सापडतो. पुरलेल्या टाकीखालचा ६ मीटरचा डाग सहज निसटतो. म्हणून निम्म्याहून अधिक बोअर कागदांनी आणि पाहणीने दाखवलेल्या जागी घ्या आणि उरलेले जाळीवर, ज्याबद्दल कोणाला काहीच माहीत नाही अशा भागासाठी ठेवा.

पहिला दीड मीटर हाताने खणा, कारण जुन्या केबल आणि पाइप नकाशात असतात तिथेच असतात असं नाही. पुढे दर मीटरला, आणि थर, रंग किंवा वास बदलला की तिथेही, माती वेगळी घ्या. प्रत्येक तुकड्यातली थोडी माती झिप पिशवीत अर्धी भरून सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पीआयडीचं (रसायनांची वाफ मोजणाऱ्या हातातल्या यंत्राचं) टोक आत घालून वाचन घ्या. पीआयडी रोज सकाळी १०० पीपीएम आयसोब्युटिलीनवर जुळवायचा. तो शून्य दाखवतो म्हणजे माती स्वच्छ, असं समजू नका. नेहमीच्या १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला बेंझिन, टोल्युइन, ट्रायक्लोरोइथिलीन दिसतात, पण क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि डायक्लोरोमिथेन दिसत नाहीत. धातूंचा तर प्रश्नच नाही. शिवाय पावसाळी दमट हवेत वाचन खाली येतं.

या कामात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते भरावाच्या तळाशी. क्लोरीनयुक्त द्रावकं (सॉल्व्हंट) पाण्यापेक्षा जड असतात. ती भरावातून खाली जातात आणि चिकणमातीच्या माथ्यावर, तिच्या खोलगट भागात साचतात. तिथपर्यंत नमुना घेतलाच पाहिजे. पण त्याच बोअरने चिकणमाती आरपार फोडली तर वर अडकलेलं विष खालच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत उतरतं आणि तिथून ते परत काढणं जवळजवळ अशक्य असतं. त्यामुळे बोअर चिकणमातीत अर्धा मीटर गेला की थांबा. खालचं पाणी तपासायचंच असेल तर संशयित डागापासून दूर, चिकणमातीत केसिंग (बाहेरचा संरक्षक पाइप) बसवून, भोवती सिमेंट-बेंटोनाइट (बेंटोनाइट म्हणजे पाण्यात फुगणारी माती) भरून ते घट्ट झाल्यावर आतून लहान व्यासाने पुढे जा. ठेकेदार याला वेळखाऊ म्हणतो. कामाच्या ऑर्डरमध्ये ही अट आधीच लिहून ठेवा.

विहिरी आणि भरतीचा हिशेब

निरीक्षणाच्या विहिरीला ५० मिमीचा यूपीव्हीसी पाइप पुरतो. त्याच्या जाळीच्या, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या छिद्रांच्या, भागाभोवती धुतलेली बारीक खडी-वाळू, वर किमान ६० सेंटिमीटर बेंटोनाइट, त्यावर सिमेंट आणि कुलपाचं झाकण. सांधे स्क्रूचे घ्या. सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेल्या सांध्यातून टेट्राहायड्रोफ्युरान आणि मिथाइल इथाइल कीटोन पाण्यात उतरतात आणि अहवालात कारखान्याच्या नावावर लागतात.

जाळीचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे गेला पाहिजे, नाहीतर पाण्यावर तरंगणारं डिझेल किंवा फर्नेस ऑइल विहिरीत येतच नाही. इथे पातळी दिवसातून दोनदा भरतीने आणि वर्षातून एकदा पावसाने हलते. सर्वांत वरच्या पातळीच्या अर्धा मीटर वरपासून सर्वांत खालच्या पातळीच्या दीड मीटर खालपर्यंत जाळी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरांहून जास्त हलते. बंधाऱ्याजवळच्या विहिरीत हा हेलकावा येतो, आतल्या विहिरीत कमी आणि उशिरा पोहोचतो. सगळ्या विहिरींत एकदाच टेप टाकून पाण्याची दिशा काढली, आणि ती वेळ भरतीची निघाली, तर नकाशावर पाणी खाडीकडून आवाराकडे वाहताना दिसतं. सहा तासांनी मोजलं तर उलट. खरी दिशा काढायला दाब मोजणारे लॉगर विहिरींत टाका, १५ मिनिटांना एक नोंद आणि हवेच्या दाबासाठी बाहेर एक लॉगर. त्यातल्या सलग ७१ तासांच्या, तासाला एक अशा नोंदी घ्या. आधी दर २४ सलग नोंदींची सरासरी काढा, ४८ आकडे येतील. त्या ४८ मधून पुन्हा २४-२४ च्या सरासऱ्या काढा, २५ येतील. त्या २५ ची सरासरी म्हणजे त्या विहिरीची खरी पातळी. सगळ्या पाइपांच्या तोंडांची उंची एकाच बेंचमार्कवरून मिलिमीटरपर्यंत घेतलेली असली तरच या कष्टाचा उपयोग. विहिरीतलं पाणी खारं असेल तर घनतेची दुरुस्तीही करा: समुद्राच्या पाण्याचा १० मीटरचा स्तंभ गोड्या पाण्याच्या १०.२५ मीटरइतका दाब देतो, आणि सपाट जागेवर पाव मीटरने दिशा फिरते.

नमुनाही भरतीच्या वेळेला घेऊ नका. काठच्या विहिरीत तेव्हा खाडीचं पाणी मिसळलेलं असतं आणि आकडा पातळ होऊन येतो. लॉगरवरून त्या विहिरीची सर्वांत खालची पातळी खाडीच्या ओहोटीनंतर किती वेळाने येते ते पाहा आणि तिच्या आधीच्या दीड-दोन तासांत नमुना घ्या. पंप मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटरच्या आत चालवा. दर तीन ते पाच मिनिटांनी सामू (पीएच), वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा नोंदवा. लागोपाठ तीन वाचनांत सामू ०.१ च्या आत आणि वाहकता ३ टक्क्यांच्या आत राहिली की बाटली भरा. बेलरने (दोरीला बांधलेल्या नळीने) खसाखसा उपसलेल्या पाण्यात गाळ येतो आणि त्या गाळाला चिकटलेलं शिसं ‘पाण्यातलं शिसं’ म्हणून अहवालात छापलं जातं.

एक फेरी मे महिन्यात आणि दुसरी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास घ्या. एका फेरीवर निष्कर्ष काढायला कोणी घाई करत असेल तर नाही म्हणा.

बाटल्या आणि प्रयोगशाळा

बाष्पशील द्रावकांसाठी टेफ्लॉनच्या झाकणाच्या ४० मिलिलिटरच्या कुप्या, आम्ल टाकून सामू २ च्या खाली, आत एकही बुडबुडा नको. चौदा दिवसांत तपासणी. आम्ल टाकताच पाणी फसफसलं तर आम्लाशिवाय भरा आणि सात दिवसांत तपासून घ्या. विरघळलेल्या धातूंचं पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळून मग नायट्रिक आम्ल टाका. क्रम उलटला तर गाळातले धातू आम्लात विरघळतात. षट्‌संयुजी क्रोमियमला (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) पाण्यात तपासणीसाठी २४ तासच मिळतात, म्हणून तो नमुना शनिवारी घेऊ नका. सगळं बर्फात, ६ अंशांच्या आत ठेवा. बर्फ वितळून लेबल धुतली जातात, म्हणून लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावा. दर दहा नमुन्यांमागे एक जोड-नमुना (त्याच जागेचा दुसरा नमुना) आणि द्रावकांच्या प्रत्येक पेटीत शुद्ध पाण्याची एक न उघडलेली कुपी जायलाच हवी.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी, पण मान्यता नेमक्या त्या घटकासाठी आणि त्या माध्यमासाठी आहे का ते तिच्या मान्यतापत्राच्या यादीत पाहा. खाऱ्या पाण्याचा नमुना आहे हे आधीच सांगा. आयसीपी-एमएसमध्ये (धातू मोजणाऱ्या यंत्रात) आर्गॉन आणि क्लोराइड मिळून तयार होणारा आयन आर्सेनिकच्याच वस्तुमानावर, ७५ वर, दिसतो, आणि स्वच्छ खाडीच्या पाण्यातही आर्सेनिक ‘सापडतं’. हेलियमची कोलिजन सेल (हा गोंधळ टाळणारी यंत्रातली सोय) वापरली का, हे विचारा. क्लोराइड सीओडीचाही (रासायनिक ऑक्सिजन मागणीचा) आकडा फुगवतं.

अहवालात ‘बीडीएल’ (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) आलं तर ती मर्यादा आकड्यात मागा. गाळातल्या पाऱ्यासाठी नोआचा (अमेरिकेची सागर आणि हवामान संस्था) खालचा निर्देशांक ०.१५ मिग्रॅ/किलो आहे. प्रयोगशाळेला ०.५ च्या खालचं दिसतच नसेल तर तिच्या ‘बीडीएल’ला काही किंमत नाही.

रंग-रसायनांच्या जागेवर आणखी एक फसगत होते. द्रावकांची आणि अर्धबाष्पशील रसायनांची नेहमीची यादी मागवली की त्यात रंग बनवायला लागणाऱ्या एच-ॲसिडसारखी नॅप्थलीन सल्फोनिक आम्लं नसतात. ती पाण्यात सहज विरघळतात आणि लांबवर जातात. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी याच रसायनाच्या कारखान्यांनी नासवल्या, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानीचा भार प्रदूषकावर टाकला तो त्याच प्रकरणात. संमतीपत्रातल्या उत्पादनांवरून यादी बनवा आणि लिक्विड क्रोमॅटोग्राफीने ही आम्लं वेगळी तपासायला सांगा.

खाडीचा गाळ

बंधाऱ्याबाहेर गटाराच्या तोंडाशी, तिथून दोन्ही बाजूंना थोड्या-थोड्या अंतरावर, आणि तुलनेसाठी दूरच्या जागी गाळ घ्या. वरचा १० सेंटिमीटर थर आज खेकडे आणि शिंपल्या ज्यात राहतात तो. त्याशिवाय ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप मीटरभर दाबून उभा काढा, वरचं तोंड बंद करून उचला आणि १०-१० सेंटिमीटरचे काप करा. कारखाना जोरात चालू असतानाचा थर अनेकदा ३०-५० सेंटिमीटर खाली गाडलेला असतो. ड्रेजिंग किंवा पायलिंग झालं की तो पुन्हा वर येतो. कांदळवनात वाट काढायला फांदीही तोडू नका. परवानगी आधी घ्या.

काळा गाळ हवाबंद ठेवा. त्यातल्या सल्फाइडने धातू धरून ठेवलेले असतात. हवा लागली की सल्फाइडचं आम्ल होतं आणि धातू सुटतात. ‘गाळ उपसून आवारात पसरू’ असा प्रस्ताव येतो तेव्हा हीच गोष्ट ट्रक-ट्रकभर घडते.

आकडे कशाशी ताडायचे

इथे दोन चुका सर्रास होतात, आणि दोन्ही उलट्या दिशेच्या. पहिली, मातीची निक्षालन चाचणी (मातीतून पाण्यात किती विष उतरतं ती) करून घातक कचऱ्याच्या नियमांतल्या मर्यादेशी तुलना. तिथे शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये ती ०.०१ आहे, म्हणजे पाचशे पट फरक. ती मर्यादा कचरा कुठे पुरायचा हे ठरवण्यासाठी आहे, मुलांनी मातीत खेळावं की नाही यासाठी नाही. मातीतलं एकूण प्रमाणही हवंच.

दुसरी चूक कॅनडाचे आकडे जसेच्या तसे लावण्याची. निवासी जमिनीसाठी तिथे क्रोमियम ६४, तांबं ६३, निकेल ४५ आणि व्हॅनेडियम १३० मिग्रॅ/किलो धरतात. आपल्या काळ्या पाषाणातून तयार झालेली निर्दोष मातीसुद्धा यातले काही आकडे ओलांडते, व्हॅनेडियम तर हमखास. त्यामुळे त्याच पाषाणावरच्या, कारखान्याच्या वाऱ्या-पाण्यापासून दूरच्या जागेचे किमान आठ-दहा नमुने पार्श्वभूमी म्हणून घ्या. पारा, कॅडमियम, शिसं किंवा षट्‌संयुजी क्रोमियम वाढलेलं दिसलं तर मात्र पाषाणाकडे बोट दाखवू नका.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागेची आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी, आणि खर्च प्रदूषकाकडून, अशी त्यांची मांडणी आहे. मूल्यांकन करताना त्या नियमांच्या परिशिष्टातली रसायनांची यादी सोबत ठेवा, म्हणजे मंडळाकडे गेल्यावर सगळं पुन्हा करावं लागत नाही. सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) १:४००० चा नकाशाही त्याच फाइलमध्ये लावा, कारण सफाईसाठी काठ खणायलाही परवानगी लागते.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक दूषित घटकासमोर तीन गोष्टी लिहा: तो कुठे आहे, कोणत्या वाटेने हलतो आणि कोणापर्यंत पोहोचतो. तिसऱ्या रकान्यात भावी रहिवासी असतातच. त्यांच्यासोबत पाया खणणारे मजूर, बोअरचं पाणी वापरणारा शेजार आणि त्या गाळातली कालवं-तिसऱ्या खाणारं कोळीवाड्यातलं घरही लिहा. ते घर रकान्यात नसेल तर अहवाल परत पाठवा. जिथे द्रावकं सापडली तिथे फरशीखालची हवा तपासल्याशिवाय तळघराच्या पार्किंगला होकार देऊ नका.

बोअरमधून निघालेली माती आणि उपसलेलं पाणी निकाल येईपर्यंत झाकणाच्या ड्रममध्ये, तारीख आणि बोअरचा क्रमांक लिहून ठेवा. दूषित निघालं तर ते मॅनिफेस्टवरच बाहेर जाईल. ज्या विहिरी पुढे लागणार नाहीत त्यांतला पाइप काढून तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइट भरा, नुसती माती लोटू नका. पाऊस आला की उघड्या विहिरीतून आवारातलं पाणी सरळ खाली उतरतं.